नरक्या, अमृता आणि अण्णांची केमो : जाणकारांनी सांगा

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसता वाचून जाणारा माणूस, पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. विषय जरा लांबण लावून सांगतो.

अण्णांना (वडील, वय 68) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सगळं बरं चाललं होतं, मग सहा महिन्यांनी स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन ठिपके दिसले. आता पुण्यात दर पंधरा दिवसांनी केमो चालू आहे, दोन झाल्या, तिसरी पुढच्या बुधवारी. इरिनोटेकॅन नावाचं एक सलाईन, त्यानंतर कमरेला बांधायचा फुग्यासारखा पंप, तो 46 तास ठेवायचा. अण्णा त्याला "बाळ" म्हणतात, झोपताना उशीशेजारी घेतात.

तर परवा चुलतभाऊ गावाकडून (पाटणच्या वर, डोंगरात) आला तो हातात किलोभराची पुडी घेऊन. पिवळट तपकिरी भुसा, वर पेनाने लिहिलंय "अमृता". म्हणला दादा हे कॅन्सरचं खरं औषध, नरक्याचं लाकूड, परदेशात ट्रक भरून जातं आणि तिकडनं इंजेक्शन होऊन येतं, मग आपल्याच डोंगरातलं आपण एवढ्याला का विकत घ्यायचं, सकाळ संध्याकाळ चमचा चमचा उकळून द्या. मी पुडी डॉक्टरांना दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "तुम्हाला जे सलाईन लावतोय ना, ते मुळात या झाडातल्याच द्रव्यापासून बनतं. पण हे घरी अजिबात द्यायचं नाही." बाहेर चाळीस पेशंट बसलेले, पुढं विचारायला वेळच मिळाला नाही.

आता घरात पेच असा की चुलतभाऊ म्हणतो बघा डॉक्टरच कबूल झाला. आणि अण्णा म्हणतात, "बाटलीतलं चालतं मग पुडीतलं का नको?" खरं सांगायचं तर मलाही याचं उत्तर देता येईना. कोणाला नीट माहिती आहे का?

मिरचीठेचा

पुडी आधी अण्णांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, चर्चा नंतर. जाणकार येतीलच. अण्णांना लवकर आराम पडो.

गोळीवाला

तुमचा चुलतभाऊ निम्मा बरोबर आहे, म्हणूनच प्रकरण अवघड आहे. साफ चूक असता तर सोपं होतं.

मी फार्मसीवाला, त्यामुळे माझ्या परीने सांगतो. नरक्यात जे द्रव्य आहे त्याचं नाव कॅम्पटोथेसिन. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, 1966 साली, अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांना. आपल्या नरक्यात ते असल्याचं 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरला होते. म्हणजे नरक्यातला शोध इथलाच, आणि चीनच्या झाडापेक्षा आपल्या झाडात माल बरा निघतो हेही खरं.

ते काम कसं करतं ते सांगतो. आमचे आजोबा चऱ्हाट वळायचे. वळलेल्या चऱ्हाटाचे दोन पदर मधूनच ओढून सुटे करायला गेलात तर पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि गाठ बसते, हे ज्याने केलंय त्याला माहीत. पेशीतला डीएनए तसाच पिळाचा. पेशी दोन होताना तो उलगडावा लागतो, तेव्हा पुढचा पीळ सैल करायला टोपोआयसोमरेज नावाचं एंझाइम असतं. ते एक पदर कापतं, पीळ सोडतं, परत जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागेत पाचर मारून बसतं आणि जोड लागू देत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन त्यावर आदळते, डीएनए तुटतो, पेशी मरते. हे 1985 साली कळलं, म्हणजे द्रव्य सापडल्यानंतर 19 वर्षांनी.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर या मधल्या वर्षांतच आहे. 1970 च्या आसपास कॅम्पटोथेसिन थेट पेशंटना देऊन बघितलं होतं. ते पाण्यात विरघळतच नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. त्यात त्या रेणूतलं एक कडं उघडतं, मग ते विरघळतं, पण कडं उघडलं की औषधाचा जोर जवळजवळ जातो. जोर नाही म्हणून डोस वाढवला. आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की लघवी आंबट असते, तिथे मूत्राशयात जाऊन ते कडं परत मिटतं आणि औषध जागं होतं, नको त्या ठिकाणी. पेशंटना लघवीतून रक्त जायला लागलं, जुलाब, पांढऱ्या पेशी खाली. ट्रायल बंद करावी लागली. लक्षात घ्या, हे शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं, हॉस्पिटलमध्ये दिलेलं द्रव्य होतं. तुमच्या पुडीत त्यातलं किती आहे हे कोणालाच माहीत नाही.

इरिनोटेकॅन म्हणजे त्याच रेणूला रसायनशाळेत शेपूट जोडून पाण्यात विरघळेल असं केलेलं रूप. जपानमध्ये 1994 ला आणि अमेरिकेत 1996 ला आलं. शरीरात गेल्यावर ते शेपूट गळून पडतं आणि खरं औषध तयार होतं. त्याच घरातलं दुसरं टोपोटेकॅन, ते ओव्हरीच्या कॅन्सरला देतात.

नुसता_वाचक

+१ गोळीवाला. चऱ्हाटाचं उदाहरण एकदम पटलं.

वनौषधीप्रेमी

म्हणजे शेवटी झाड आपलं, ज्ञान आपलं, आणि शेपूट लावलं की पेटंट त्यांचं. गावातल्या माणसाने तेच उकळून घेतलं की तो अडाणी. हा न्याय मला कळत नाही. आमच्या आजीने कितीतरी लोकांना पाल्याने बरं केलंय, तिला कुठली ट्रायल माहीत होती? शिवाय केमोने जे हाल होतात ते तर सगळे डोळ्यांनी बघतो आपण.

गोळीवाला

पेटंटचा राग मलाही येतो. पण इरिनोटेकॅनचं पेटंट केव्हाच संपलं, आता आपल्याकडच्याच कंपन्या ते बनवतात. आणि आजीबद्दल आदर ठेवून एवढंच विचारतो, आजीने आतड्याचा कॅन्सर लिव्हरला गेलेला माणूस नरक्याच्या काढ्यावर बरा केला होता का? खोकला, मुरडा, गळवं वेगळी.

वनौषधीप्रेमी

नाही, कॅन्सर नाही. मान्य. पण मुद्दा कळला असेल.

सिस्टरताई

मी बारा वर्षं केमोच्या डे केअरला आहे, म्हणून हातातलं काम सोडून लिहितेय.

कोयनाकाठ, अण्णांना सलाईनच्या आधी एक छोटं इंजेक्शन देतात बघा, अॅट्रोपिनचं. इरिनोटेकॅन चालू असतानाच काही जणांना घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, पोटात कळ येऊन तिथेच संडासला पळावं लागतं, ते होऊ नये म्हणून. हा झाला पहिला जुलाब. दुसरा घरी गेल्यावर, काही दिवसांनी येतो, आणि तो जास्त वाईट. त्यासाठी लोपेरामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, कागदावर कधी किती घ्यायच्या तेही असेल. तो कागद फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे लोक लाजतात, सहा वेळा जाऊन आले तरी "थोडं पोट बिघडलंय" म्हणतात आणि सातव्या वेळेला उचलून आणतात, अंगातलं पाणी संपलेलं, लघवी बंद. पांढऱ्या पेशी त्याच वेळी खाली असल्या तर मग जिवावरचं होतं.

अशा माणसाला त्याच जातीचं द्रव्य वरून काढ्यातून दिलं तर काय होईल ते मी सांगायला नको. आणि आम्हाला कळणारही नाही की जुलाब आमच्या औषधाने झाला का पुडीने, आम्ही आपला पुढच्या वेळी डोस कमी करणार, म्हणजे खरं औषध कमी आणि भुसा चालूच.

डरहॅमकर_सई

गोळीवाल्यांनी मनसुख वाणींचं नाव घेतलं म्हणून लॉगिन केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! मुंबई विद्यापीठातून शिकून मग इंडियाना युनिव्हर्सिटीत पीएचडी केली 1962 मध्ये आणि त्याच वर्षी इथे नॉर्थ कॅरोलायनात रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटला आले. मी तिथून जवळच राहते, रोज ऑफिसला त्याच बाजूने जाते. कॅम्पटोथेसिन तर आहेच पण टॅक्सॉलसुद्धा याच जोडीचं, यू नावाच्या झाडाच्या सालीतून, त्याची रचना 1971 मध्ये छापली. म्हणजे आज ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरला जे सर्रास देतात ते. दोन्ही शोधांचा मान म्हणून 2003 ला अमेरिकन केमिकल सोसायटीने त्या जागेला ऐतिहासिक स्थळ ठरवलं. वाणी 2020 मध्ये वारले, 95 वर्षांचे होऊन. आपल्याकडे किती जणांना नाव माहीत आहे? मला इथे येईपर्यंत नव्हतं.

अजून एक, मूळ चिनी झाड या लोकांच्या हाती आलं तेव्हा कॅन्सर डोक्यात नव्हताच. वॉल त्या वेळी अमेरिकेच्या शेतीखात्यात होते आणि कॉर्टिझोन बनवायला कच्चा माल देणारी झाडं शोधत होते. उरलेले अर्क कॅन्सरसाठी तपासायला पाठवले, त्यात हे निघालं.

मिरचीठेचा

नंदुरबारचे? कमाल आहे. आम्हाला शाळेत फक्त सी. व्ही. रामन आणि नारळीकर.

रानवाट

मी कोल्हापूरकडे कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. मला त्या पुडीबद्दल बोलायचंय, विशेषतः वर लिहिलेल्या नावाबद्दल.

नरक्याला आपल्याकडे काही भागात अमृता म्हणतात हे खरं. पण आयुर्वेदात अमृता म्हणजे गुळवेल! एकाच नावाची दोन सर्वस्वी वेगळी झाडं. एक वेल, एक छोटं झाड. म्हणजे कोणी "अमृता घ्या, कॅन्सरला चांगली" म्हणालं तर समोरचा काय समजेल आणि दुकानदार काय देईल, देव जाणे. नरक्या हे नाव पडलं ते वासावरून. पावसाळ्यात पिवळसर बारीक फुलांचे गुच्छ येतात तेव्हा झाड दिसायच्या आधी वासानेच कळतं की जवळ कुठेतरी आहे, पोरांना घेऊन जातो तेव्हा मी त्यांना आधी नाकाने शोधायला लावतो. पान चुरगळलं तरी तोच प्रकार. शास्त्रीय नावातसुद्धा पूर्वी फिटिडा होतं, म्हणजे घाणेरडा वास येणारी. आता नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात.

कोयनाकाठ, पुडीला वास आहे का?

कोयनाकाठ

आत्ता उघडून बघितलं. वास म्हणाल तर जुन्या सुताराच्या दुकानासारखा, घाण असा नाही. चव बघायची हिंमत केली नाही.

रानवाट

चव बघूच नका. वास नाही म्हणून नरक्या नाही असंही म्हणता येणार नाही, सुकलेल्या लाकडाला फुलापानाचा वास राहत नाही. भुसा झाल्यावर मी काय, कोणीच नुसतं बघून सांगू शकणार नाही. गुळवेल असेल, नरक्या असेल, आणि आंब्याचा भुसाही असेल.

गोळीवाला

आणि समजा गुळवेल निघाली तर "मग काय, निरुपद्रवी" असं समजू नका. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे पिंपाने प्यायले, त्यानंतर 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हरला सूज आलेल्या 6 पेशंटबद्दल लिहिलं. आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, म्हणाले वेल दुसऱ्याच जातीची असेल. वाद राहू दे बाजूला, पण इरिनोटेकॅन शरीराबाहेर काढायचं काम लिव्हरच करतं आणि अण्णांच्या लिव्हरवर आधीच दोन ठिपके आहेत.

दुसरी बाजूही आहे, काही पाले उलटं करतात. युरोपात उदास वाटण्यावर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात. इरिनोटेकॅनबरोबर ती दिल्यावर रक्तातलं कामाचं औषध 42 टक्क्यांनी कमी झालेलं मोजलंय. म्हणजे त्रास कमी, आणि पेशंट खूश की काढ्याने केमो सोसली, पण खरं तर औषधच जवळजवळ निम्म्यावर आलं. वनौषधीप्रेमी, तुमच्या "केमोचे हाल"ला हे उत्तर समजा.

वनौषधीप्रेमी

हे मला माहीत नव्हतं. हा मुद्दा पटला. माझा आक्षेप काढ्यापेक्षा जास्त त्या ट्रकांवर होता. डोंगरातलं झाड जातं कुठे आणि डोंगरातल्या माणसाला मिळतं काय?

रानवाट

त्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. लाकडात कॅम्पटोथेसिन असतं हजारात एक ते तीन भाग. म्हणजे किलोभर द्रव्यासाठी शेकडो किलो सुकं लाकूड, आणि मुळात जास्त असतं म्हणून झाड नुसतं तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. आंबोली, चंदगड, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, जिथे जिथे नरक्या तिथे तिथे तस्करी. रात्री तोडायचं, ढपल्या करायच्या, पोत्यात भरायच्या आणि वर जळाऊ लाकूड टाकायचं. वनखात्याने पकडलेल्या गाड्यांच्या बातम्या अधूनमधून येतात, पकडला जातो तो रोजावर तोडायला गेलेला गावातला पोरगा. वरचे कोण ते कधी छापून येत नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्यात स्थानिकांना वाटा द्यायची तरतूद आहे, पण चोरून गेलेल्या मालाचा वाटा कोण कोणाला देणार.

बुंध्यापासून हातभर वर कापलं तर नरक्याला परत धुमारे येतात, म्हणजे लागवड करून, छाटणी करून माल घेता येतो. टॅक्सॉलच्या बाबतीत हेच झालं, आधी यूची साल सोलून झाडं मारत होते, मग दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून कच्चा माल काढून पुढचं रसायनशाळेत करायला लागले आणि झाडं वाचली. नरक्यावर आपल्याकडे जम्मूच्या संशोधकांनी 2005 मध्ये एक वेगळीच गोष्ट दाखवली. झाडाच्या आत राहणारी एक बुरशी काढून बाटलीत वाढवली तर तीसुद्धा कॅम्पटोथेसिन बनवते! तेव्हा सगळे उड्या मारत होते, आम्हीही. पण बुरशी झाडाबाहेर वाढवत गेलं की हळूहळू ते बनवणं कमी होतं. अजून झाडच लागतं.

डरहॅमकर_सई

थोडं अवांतर, पण या द्रव्याचं सगळ्यात नवं रूप मला जास्त भारी वाटतं. ब्रेस्ट कॅन्सरच्या एका प्रकाराला एन्हर्टू म्हणून औषध आहे, इथे 2019 च्या शेवटी मंजूर झालं. त्यात अँटिबॉडी असते जी कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखून चिकटते, आणि एका अँटिबॉडीला साधारण 8 रेणू बांधलेले असतात ते कॅम्पटोथेसिनच्याच घराण्यातले. पेशीत शिरल्यावर ते सुटतात. त्रास होतोच, केस जातात, फुप्फुसाला सूज येऊ शकते म्हणून लक्ष ठेवावं लागतं, पण 1970 ला मूत्राशय जाळून बंद पडलेलं औषध आज असं पत्ता लिहून पाठवतात. माझ्या मैत्रिणीला चालू आहे, म्हणून वाचलं सगळं.

मिरचीठेचा

पोस्टाने. आणि चुलतभाऊ सगळ्या गावाला वाटतोय.

सिस्टरताई

चुलतभावावर हसू नका हो. पेशंटबरोबर येणारे निम्मे नातेवाईक पिशवीत काहीतरी घेऊनच येतात, गोमूत्र, लक्ष्मणफळाची पानं, कुठल्या बाबाची रक्षा. त्यांना काहीतरी करायचं असतं, आणि आम्ही त्यांना फक्त बाहेर बसायला सांगतो. कोयनाकाठ, त्यांना दुसरं काम द्या. लोपेरामाइडची वही त्यांच्याकडे द्या, किती वेळा संडासला गेले, किती पाणी प्यायले ते लिहायचं. खरंच उपयोग होतो.

एक विचारायचं राहिलं, अण्णांचं बिलिरुबिन (रक्ताच्या रिपोर्टमधला काविळीचा आकडा) किती आहे? आणि यूजीटीची टेस्ट केलीये का? काही लोकांच्या अंगात हे औषध बाहेर टाकणारं एंझाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीच्या डोसनेही जास्त त्रास होतो.

कोयनाकाठ

बिलिरुबिन 0.9 लिहिलंय. ती टेस्ट केल्याचं आठवत नाही, बुधवारी विचारतो. सगळ्यांचे आभार, गोळीवाल्यांचा प्रतिसाद प्रिंट काढून अण्णांना वाचायला दिला. चऱ्हाटाचं वाचून म्हणाले, "हे कळलं. मग पुडीवाल्याला म्हणावं पाचर किती जाडीची आहे ते लिहून दे."

कोयनाकाठ

अपडेट. तिसरी केमो झाली. टेस्टला रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. चुलतभाऊच गाडी घेऊन आला होता, वही त्याच्याकडे दिली, अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे त्याचं. आता फोन करून "आज किती वेळा" असं अण्णांनाच दरडावतो.

पुडीचं विचारलं तर आधी बोलेना. मग सांगितलं, तिठ्यावर एक जण गाडीत ठेवून विकतो, साडेतीन हजार घेतले. आणि आमच्याच वाडीच्या वर, देवराईच्या अंगाला नरक्याची चार झाडं होती, लहानपणी आम्ही करवंदांना जायचो तेव्हा नाक दाबून पळायचो तिथून. गेल्या आठवड्यात तो बघून आला. चारही जागी खड्डे आहेत, कमरेइतके, पाणी भरलंय.

पुडी रानवाट सरांकडे पाठवतोय, पोरांना दाखवायला.

रानवाट

पाठवा. पत्ता तुमच्या विचारपुशीत दिलाय. वर "अमृता" लिहिलेला कागद फाडू नका, तोच जास्त उपयोगाचा आहे.

जाईजुई२२

उशिरा वाचला धागा, छान माहिती. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सासूबाई शुगरसाठी रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावून खातात, दोन वर्षं झाली. त्यातूनही कॅन्सरचं औषध निघतं असं ऐकलंय. चालू ठेवू का?

गोळीवाला

निघतं, विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन. आणि सापडलं तेही शुगरच्याच नादात. 1950 नंतर कॅनडात नोबल आणि बीअर हे दोघं मधुमेहावर उपयोग होतो का म्हणून सदाफुली तपासत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, म्हणून मग ब्लड कॅन्सरकडे वळले. टनभर सुक्या पाल्यातून ते जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम निघतं, म्हणून सासूबाई अजून ठणठणीत आहेत.

बंद करा. आजच. आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या एकदा.

जाईजुई२२

सासूबाईंना कोण सांगणार?

मिरचीठेचा

त्यासाठी वेगळा धागा काढा.